पाळकाचा ब्लॉग: काय लिहायचं, काय नाही, आणि लिहिलेलं खरंच पुसता येतं का?



या साइटवर तुम्ही सहसा नवीन फोन, अ‍ॅपच्या ट्रिक्स, बॅटरी वाचवायचे उपाय वगैरे वाचायला येता. आज लिहिणारा माणूस थोडा वेगळा आहे. मी पाळक आहे, म्हणजे चर्चचा पास्टर. अहिल्यानगर जिल्ह्यातली आमची मंडळी छोटी आहे, सत्तर-पंच्याहत्तर कुटुंबं. रविवारची उपासना, आजाऱ्यांच्या भेटी, लग्नं, दफनविधी, आणि मधल्या वेळात लोकांचं ऐकून घेणं, हे माझं काम. आणि गेली बारा वर्षं मी एक ब्लॉग लिहितो.

आमच्या तरुण संघातली मुलं मला नेहमी म्हणतात, "पास्टर, ब्लॉग आता कोण वाचतं? रील टाका ना!" प्रश्न बरोबर आहे. उत्तर मात्र लांबलचक आहे, आणि त्यात टेक्नॉलॉजीचा भाग बराच आहे. म्हणून इथे लिहितोय. तुम्ही चर्चला जात असा, देवळात जात असा किंवा कुठेच जात नसा, तुमच्या हातात फोन आहे आणि तुम्ही काहीतरी टाइप करून जगाला दाखवता, एवढं पुरे आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं की झालं, मग ब्लॉग कशाला?

आधी मीही रविवारचा संदेश थोडक्यात लिहून ग्रुपवर टाकायचो. वाचतात सगळे. पण तो मेसेज पुढे कसा जातो ते बघा. एकाने फॉरवर्ड केला, दुसऱ्याने कॉपी करून वरचं नाव काढलं, तिसऱ्याने खाली स्वतःची एक ओळ आणि चार हात जोडलेले इमोजी जोडले. दोन महिन्यांनी तोच मेसेज मला दुसऱ्या तालुक्यातून परत येतो, आणि त्यात मी कधीच न म्हटलेलं एक वाक्य असतं! त्यावर तारीख नाही, नाव नाही, आणि दुरुस्त करायची सोय नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांच्या आत एडिट करता येतो. नंतर नाही. आणि कॉपी करून पुढे गेलेल्या मजकुरावर तुमचा काहीच ताबा राहत नाही.

ब्लॉगवरच्या प्रत्येक लेखाला तीन गोष्टी असतात: लिहिणाऱ्याचं नाव, तारीख, आणि स्वतःचा कायमचा पत्ता. त्या पत्त्याला परमालिंक म्हणतात. लिंक पाठवली की समोरचा माणूस मूळ जागी येतो. मी तिथे एखादा शब्द सुधारला तर त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला सुधारलेलाच दिसतो. रीलमध्ये किंवा स्टेटसमध्ये हे होत नाही. स्टेटस तर चोवीस तासांत गायबच.

बाकी ब्लॉग म्हणजे काही मोठं गूढ नाही. १९९७ च्या शेवटी जॉर्न बार्गर नावाच्या अमेरिकन माणसाने 'वेबलॉग' हा शब्द वापरला, म्हणजे वेबवरची नोंदवही. १९९९ मध्ये पीटर मर्होल्झ यांनी गंमत म्हणून त्याचा 'ब्लॉग' केला. त्याच वर्षी ब्लॉगर ही सेवा आली, २००३ मध्ये ती गूगलने विकत घेतली आणि त्याच वर्षी वर्डप्रेसही आलं. दोन्ही आजही चालू आहेत, दोन्हीवर फुकट सुरुवात करता येते, आणि फोनवरून लिहिता येतं.

आमच्या लोकांना तर तारीखवार छापून लिहिण्याची सवय फार जुनी आहे. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये आमच्याच नगरला सुरू झालं. बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'नंतर फक्त दहा वर्षांनी. रेव्हरंड नारायण वामन टिळक त्यात लिहीत. पण टिळकांच्या घरात काय चालायचं, भांडणं, रुसवे, गरिबी, प्रेम, हे आपल्याला कळतं ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'मुळे. ते त्यांनी स्वतः सांगितलं, स्वतःच्या शब्दांत. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लिंक एवढी लांब का होते?

मराठी ब्लॉग सुरू केलात की हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो, म्हणून आधी तो उरकून टाकू. समजा, वर्डप्रेसवर लेखाचं शीर्षक 'प्रार्थना' असं दिलं. लिंकही देवनागरीतच तयार होते. पण ती कॉपी करून कुणाला पाठवली की टक्क्याची चिन्हं, रोमन अक्षरं आणि आकडे यांचा गोंधळ दिसतो. लोकांना वाटतं व्हायरस आहे!

व्हायरस वगैरे काही नाही. वेबच्या पत्त्यात मुळात फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि काही ठरावीक चिन्हं चालतात. युनिकोड देवनागरीचं प्रत्येक अक्षर, मात्रा, हलंत साठवायला तीन बाइट लागतात. पत्त्यात घालताना प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि पुढे दोन अक्षरं अशा रूपात लिहिला जातो. म्हणजे एका देवनागरी चिन्हाची नऊ अक्षरं. 'प्रार्थना' या शब्दात प, हलंत, र, काना, र, हलंत, थ, न, काना अशी नऊ चिन्हं आहेत. नऊ नव्वे एक्क्याऐंशी! एका शब्दाची एक्क्याऐंशी अक्षरं.

ब्लॉगरची तऱ्हा उलटी. तिथे मराठी शीर्षक दिलं तर ते पत्त्यासाठी सोडूनच दिलं जातं आणि सगळ्या लेखांना 'ब्लॉग-पोस्ट' आणि एखादा आकडा असं एकसारखं नाव मिळतं. दोन्हीवर उपाय एकच. पब्लिश करण्याआधी परमालिंकच्या रकान्यात रोमन लिपीत छोटं नाव स्वतः टाका. नंतर बदलू नका, कारण आधी पाठवलेल्या लिंका मोडू शकतात.

आता मुख्य गोष्ट: दुसऱ्याची गोष्ट कुणाची?

पाळकाच्या कानावर जे येतं ते इतर कुणाच्या कानावर येत नाही. रात्री साडेदहाला फोन येतो, "सलाम पास्टर, झोपला नाहीत ना?" आणि मग पाऊण तास मी फक्त ऐकतो. कर्ज, नवऱ्याची मारहाण, मुलीचं प्रेमप्रकरण, रिपोर्टमध्ये आलेली गाठ. आणि खरं सांगतो, लिहिणाऱ्या माणसाला हे सगळं फार मोहात पाडतं. रविवारी उभं राहून 'क्षमा' या विषयावर वीस मिनिटं बोलण्यापेक्षा एका खऱ्या घरातली खरी घटना लिहिली की वाचणारा हलतो. वाचकसंख्या वाढते. कुणीतरी म्हणतं, "पास्टर, डोळ्यांत पाणी आलं."

चर्चमध्ये बोललेलं चार भिंतींत राहतं असंही नाही, पण ते हळूहळू विरतं. ब्लॉगवर लिहिलेलं विरत नाही. ते शोधता येतं.

मग लोक म्हणतात, नाव बदलायचं, त्यात काय! इथेच फसगत आहे. समजा, मी लिहिलं, 'आमच्या मंडळीतली एक नर्स, नवरा आखातात कामाला, थोरला मुलगा अपंग.' नाव कुठेच नाही. पण पंच्याहत्तर कुटुंबांत अशी बाई कितीशा? एकच. नर्स दहा असतील, आखातात नवरा असलेल्या आठ असतील, अपंग मूल असलेल्या चार असतील. तिन्ही एकत्र आले की बोट एकाच दारावर जातं. (हे उदाहरण मी रचलेलं आहे, आमच्याकडे असं घर नाही.)

हे फक्त खेडेगावातच होतं असं नाही. अमेरिकेत लतान्या स्वीनी या संशोधक बाईंनी २००० साली दाखवलं की पूर्ण जन्मतारीख, लिंग आणि आपल्या पिनकोडसारखा पाच आकडी झिप कोड, एवढ्या तीन गोष्टींवरून तिथले सुमारे ८७ टक्के लोक एकमेव ठरू शकतात. नावाची गरजच नाही. एकेक माहिती साधी दिसते, धोका त्यांच्या बेरजेत असतो. तुम्ही रूममेटबद्दल, मैत्रिणीच्या ब्रेकअपबद्दल, ऑफिसातल्या 'एका सिनियर'बद्दल काही लिहिता तेव्हाही हीच बेरीज चालू असते.

म्हणून माझ्यापुरती एक रीत आहे. माझ्याकडे विश्वासाने आलेली गोष्ट ब्लॉगवर जात नाही, नाव बदलूनही नाही. एखाद्याने स्वतःहून "लिहा" म्हटलं तर मी ड्राफ्ट लिहितो, त्याला छापील कागदावर वाचायला देतो, आणि आठवडाभर थांबतो. फोनवर वाचायला दिलं तर माणूस भराभर स्क्रोल करून "छान आहे पास्टर" म्हणतो. कागद हातात आला की पेन मागतो. आठवड्याने पुन्हा विचारतो. दहातले सहा-सात जण तेव्हा म्हणतात, "राहू द्या." मग राहू देतो. या रीतीमुळे माझा ब्लॉग थोडा कोरडा झाला असेल. चालेल.

ड्राफ्टबद्दलही सांगतो, कारण तिथे खूप जण बिनधास्त असतात. ड्राफ्ट म्हणजे खासगी डायरी नाही. तो तुमच्या फोनमध्ये नसतो, कंपनीच्या सर्व्हरवर असतो, आणि तुमच्या अकाउंटमध्ये ज्याला शिरता येतं त्याला तो दिसतो. आमच्या तरुण संघातली दोन मुलं कार्यक्रमांचे रिपोर्ट माझ्याच ब्लॉगवर टाकतात. त्यांना मी माझा पासवर्ड दिलेला नाही. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये दुसऱ्याला ईमेलने आमंत्रण देता येतं आणि 'ऑथर' किंवा 'अ‍ॅडमिन' असा दर्जा ठरवता येतो. ऑथरला फक्त स्वतःचे लेख हाताळता येतात. अ‍ॅडमिनला सगळं. कॉलेजच्या ग्रुपचं पेज पाच जण एकाच पासवर्डवर चालवत असाल तर हे आजच बदला. आणि जे कुणालाच दिसता कामा नये ते मी ड्राफ्टमध्येही लिहीत नाही. त्यासाठी कपाटात एक वही आहे, किल्लीसकट.

फोटो तुमच्यापेक्षा जास्त बोलतो

संडे स्कूलच्या कार्यक्रमाचे फोटो टाका, असा आग्रह दरवर्षी होतो. मुलं गोड दिसतात, आईबाप खूश. पण फोनने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये चित्राखेरीज आणखी माहिती लपलेली असते: कोणत्या फोनने काढला, किती वाजता, आणि लोकेशन चालू असेल तर नेमकी जागा, अक्षांश-रेखांशासकट. हिला एक्झिफ माहिती म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर जागेची ही माहिती निघून जाते. पण 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला, म्हणजे क्वालिटी कमी होऊ नये म्हणून आपण पाठवतो तसा, तर फाइल जशीच्या तशी जाते, जागेसकट. वेबसाइटवर टाकताना काही ठिकाणी ती माहिती काढली जाते, काही ठिकाणी नाही. म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये लोकेशन टॅग बंदच ठेवा. किंवा सोपा देशी उपाय: फोटोचा स्क्रीनशॉट काढा आणि तो टाका. स्क्रीनशॉटमध्ये जुनी माहिती येत नाही.

अर्थात चित्रात दिसणारं कसं लपवणार? शाळेचा बिल्ला, मागची पाटी, गाडीचा नंबर. मी मुलांचे फोटो पाठमोरेच टाकतो. आया नाराज होतात. "चेहराच दिसत नाही हो पाळकसाहेब!" हो, तोच हेतू आहे.

"पास्टर, हे पुसायचंय, आत्ताच्या आत्ता"

आता एक प्रसंग. ज्याचा आहे त्याला विचारून लिहितोय. वर सांगितलेली कागदाची रीत त्यालाही लागू केली, आणि त्याने यातली दोन वाक्यं काट मारून टाकली.

आमच्या ओळखीचा एक तरुण. दारूच्या आहारी गेला होता, मोठ्या कष्टाने बाहेर आला. बाहेर आल्यावर त्याने स्वतःचा ब्लॉग काढला आणि सगळं लिहिलं: घरातले पैसे कसे चोरले, कामावरून कसा काढला, आईने कसं जेवण झाकून ठेवलं. कुणी सांगितलं नव्हतं, त्याला लिहावंसं वाटलं. लिहिलंही चांगलं होतं. तीन वर्षं गेली. लग्नाची बोलणी सुरू झाली, आणि मुलीच्या धाकट्या भावाने त्याचं नाव सर्च केलं. आजकाल पत्रिका बघण्याआधी हेच होतं, तुम्हाला माहीत आहे.

तो संध्याकाळी माझ्याकडे आला, फोन पुढे केला आणि वरचं वाक्य बोलला.

मी म्हटलं, "डिलीट दाबू नकोस. आधी 'रिव्हर्ट टू ड्राफ्ट' दाब." हा फरक तुम्हीही समजून घ्या. ड्राफ्टमध्ये परत नेलं की लेख जगासाठी गायब होतो, लिंक उघडत नाही, पण मजकूर तुमच्याकडे राहतो. घाईत डिलीट केलेलं सहसा दुसऱ्या दिवशी सकाळी हवं असतं.

लेख गेला. मग त्याने सर्चमध्ये स्वतःचं नाव टाकलं, आणि तिथे शीर्षक आणि खाली दोन ओळी तशाच! त्याचा चेहरा पडला. झालं काय तर, सर्च इंजिन तुमचं पान दर वेळी ताजं वाचत नाही. त्याचा बॉट येऊन पान वाचून जातो, आणि पुढचा फेरा होईपर्यंत जुनीच नोंद दाखवली जाते. फेरा दोन दिवसांनी होईल किंवा काही आठवड्यांनी. गूगलसाठी 'रिफ्रेश आउटडेटेड कंटेंट' नावाचं पान आहे, तिथे मेलेली लिंक दिली की ती नोंद लवकर काढण्याची विनंती जाते. साइट तुमची स्वतःची असेल तर सर्च कन्सोलमधून 'रिमूव्हल'ची विनंती करता येते. ती साधारण सहा महिने टिकते, तेवढ्यात मूळ पान खरोखर गेलेलं असायला हवं.

मग तिसरा थर. इंटरनेट अर्काइव्ह नावाची अमेरिकेतली ना-नफा संस्था १९९६ पासून वेबची पानं साठवून ठेवते, आणि २००१ पासून तिचं 'वेबॅक मशीन' कुणालाही वापरता येतं. तिथे पत्ता टाकला की त्या पानाची जुनी रूपं तारखेनिशी दिसतात. सगळी पानं तिथे नसतात, पण बघून घ्यावं. मालकाने ईमेलने विनंती केली तर ते आपल्याकडची प्रत दिसेनाशी करू शकतात. त्याचा लेख सुदैवाने तिथे नव्हता.

चौथा थर म्हणजे स्क्रीनशॉट. त्यावर कोणतंही बटण नाही. मुलीच्या भावाने तो काढलेला होता आणि घरच्या ग्रुपवर टाकलेला होता.

सोयरीक जुळली नाही. लेखामुळे की हुंड्या-मानपानाच्या दुसऱ्या कशामुळे, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

पण गोष्ट इथे थांबत नाही. पाच-सहा महिन्यांनी त्याला एका अनोळखी बाईंचा ईमेल आला. तुमचा एक लेख माझ्या मुलाने कुठेतरी वाचला होता, आता तो उघडत नाही, मुलाला पुन्हा वाचायचा आहे. मुलगा कशात अडकला होता ते लिहायची गरज नव्हती. तो फोन घेऊन पुन्हा माझ्याकडे. "काय करू?"

मला माझं मत होतं. ते मी सांगितलं नाही. लेख त्याचा होता, आयुष्य त्याचं होतं, आणि उद्या पुन्हा कुणी नाव सर्च करणार ते त्याचंच. पाळकाने दुसऱ्याच्या धैर्यावर स्वतःचा संदेश सजवू नये असं मला वाटतं. त्याने दोन दिवस घेतले. ड्राफ्ट उघडला, कामाच्या ठिकाणाचं नाव काढलं, सोबत पिणाऱ्या मित्रांचे उल्लेख काढले, आईबद्दलचा परिच्छेद आईला वाचून दाखवला आणि ठेवला, आणि स्वतःचं नाव तसंच ठेवून लेख पुन्हा पब्लिश केला. पत्ता तोच राहिला, कारण डिलीट केला नव्हता. बाईंना लिंक गेली.

तो अजून अविवाहित आहे. लेख अजून आहे. सर्चमध्ये पहिल्या पानावर येतो.

पुसण्याची भीती आणि हरवण्याची भीती

तुमच्या वयात पुसलं जाईल का ही काळजी जास्त असते. माझ्या वयात टिकेल का ही.

आमच्या मंडळीतले एक गृहस्थ वारले तेव्हा दफनविधीत मी त्यांच्याबद्दल बोललो होतो: विहिरी खणायचे, पोहायला शिकवलेली मुलं गावभर, आणि 'उपासना संगीत'मधली गाणी पुस्तक न उघडता म्हणायचे. घरच्यांच्या सांगण्यावरून ते ब्लॉगवर टाकलं. दीड वर्षाने त्यांच्या बायकोचा फोन बाजारात चोरीला गेला. बॅकअप नव्हता. नवऱ्याचे फोटो, व्हॉइस मेसेज, सगळं त्यात. आजी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "ते तुम्ही लिहिलेलं तरी आहे ना?" होतं. प्रिंट काढून दिली. आता ती देव्हाऱ्यासारखी फ्रेम करून भिंतीवर आहे. त्यांचा आवाज मात्र गेला तो गेलाच.

फुकट जागेवर लिहिलेलं टिकेलच असं धरून चालू नका. ऑर्कुट आठवत नसेल तुम्हाला, तुमच्या दादा-ताईला विचारा. ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. गूगल प्लस २०१९ मध्ये सर्वसामान्यांसाठी बंद झालं. याहू ग्रुप्स २०२० मध्ये. सूचना दिल्या होत्या, मुदत होती, पण सूचना वाचतो कोण? पैसे भरून स्वतःचं डोमेन घेतलं तरी ते विकत मिळत नाही, वर्षावर्षाच्या भाड्याने मिळतं. भाडं चुकलं की काही काळाने तोच पत्ता दुसरा कुणीही घेऊ शकतो.

आणि प्रत एकच असेल तर काय होतं, याचं एक उदाहरण माझ्याच व्यवसायातलं. फ्रान्सिस किल्व्हर्ट नावाचा इंग्लंडमधला एक पाळक. वेल्सच्या सीमेवर क्लायरो गावात काही वर्षं सेवेला होता. १८७० ते १८७९ रोज डायरी लिहायचा: शेतकरी, म्हातारे, पाऊस, डोंगर, स्वतःची फसलेली प्रेमं. १८७९ मध्ये लग्नानंतर महिनाभरातच तो वारला, वय अवघं अडतीस. पुढे १९३८ ते १९४० मध्ये विल्यम प्लोमर यांनी त्या डायरीतला निवडक भाग तीन खंडांत छापला आणि तो गाजला. मूळ वह्या बावीस होत्या. नंतर त्या ज्या वृद्ध नातेवाईक बाईंच्या ताब्यात होत्या त्यांनी बहुतेक सगळ्या नष्ट करून टाकल्या. आज तीन उरल्यात. बाईंनाही त्यांची कारणं असतील, घरातलं खासगी होतं त्यात. मला दोघांचंही पटतं, आणि त्यामुळे मी त्या वह्यांचा विचार बऱ्याचदा करतो.

तर बॅकअप. ब्लॉगरवर सेटिंग्जमध्ये खाली 'मॅनेज ब्लॉग' या भागात 'बॅक अप कंटेंट' आहे. वर्डप्रेसवर 'टूल्स'मध्ये 'एक्सपोर्ट'. एक्सएमएल नावाची फाइल मिळते. तिच्यात सगळे लेख तारखांसकट असतात, आणि ती दुसऱ्या ब्लॉगमध्ये परत आत घेता येते. फोटो सहसा त्या फाइलमध्ये नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात, म्हणून फोटो वेगळे जपा. गूगलची सेवा असेल तर 'टेकआउट' वापरा. मी हे दर तीन महिन्यांनी करतो, एक प्रत लॅपटॉपवर, एक पेन ड्राइव्हवर. आणि प्रत्येक वर्षाचे लेख कागदावर. हसा हवं तर.

एक मराठी अडचण यातच सांगतो. माझ्याआधीच्या पाळकांनी खूप लिहून ठेवलंय, सीडीवर. पण ते युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये. त्या फाँटमध्ये 'क' म्हणून दिसणारं अक्षर आतून रोमन अक्षर किंवा एखादं चिन्हच असायचं. फाँट असेल तोवर मराठी दिसतं, फाँट नसला की नुसता कचरा, आणि सर्चमध्ये शोधणं अशक्य. फाँट बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात, हाताने तपासावं लागतं. मी दर पावसाळ्यात थोडं थोडं करतो. तुमच्या घरात आजोबांच्या पत्रिका, संस्थेची स्मरणिका अशा फाइली पडून असतील तर संगणक बदलण्याआधी त्यांच्याकडे बघा.

माझ्यानंतर चावी कुणाकडे?

शेवटची सेटिंग. गूगल अकाउंटमध्ये 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. तुम्ही तीन, सहा, बारा किंवा अठरा महिने अकाउंट वापरलं नाही तर काय करायचं, ते आधीच ठरवून ठेवता येतं. जास्तीत जास्त दहा माणसांना कळवता येतं, आणि कुणाला कोणता डेटा द्यायचा तेही निवडता येतं. ही सेटिंग केलीच नाही आणि अकाउंट दोन वर्षं पडून राहिलं, तर गूगल ते काढून टाकू शकतं.

मी दोन नावं घातली आहेत. बायकोला ब्लॉगचा सगळा डेटा मिळेल. मुलीला फोटो मिळतील. ईमेल कुणालाच नाही, कारण त्यात लोकांची माझ्यावर विश्वासाने लिहिलेली पत्रं आहेत. मुलगी अकरावीत आहे. तिने ते सेटिंग माझ्या शेजारी बसून वाचलं आणि विचारलं, "पप्पा, आणि कपाटातली वही?"

वहीची किल्ली कुणाला द्यायची ते अजून ठरायचं आहे.